सोजराबाईंचा पहिला घास

दुपारी साडेबाराच्या ठोक्याला महाळुंग्याच्या त्या गल्लीत एक पत्र्याचं शटर वर जायचं. आधी जमिनीपासून वीतभर, मग कमरेइतकं, आणि मग खडखडाट करत थेट डोक्यावर. आत अंधार. अंधारात एक पिवळा बल्ब, बल्बाखाली भाकरीची वाफ, आणि वाफेच्या मधोमध पाटावर मांडी घालून बसलेल्या सोजराबाई. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, समोर वाढलेलं ताट. बाहेर दुसऱ्या शिफ्टला निघालेली तीस-पस्तीस माणसं ताटकळत असायची, पण आत पाऊल कुणी टाकायचं नाही. बाई भाकरीचा तुकडा मोडणार, कालवणात बुडवणार, तोंडात घालणार, डोळे मिटून मान हलवणार. मग डोळे उघडून म्हणणार, "या रे लेकरांनो." त्यानंतर पंगत.

ही रीत पंधरा वर्षांपूर्वी पडली. बाई लातूरकडून नुकत्या आल्या होत्या, नवरा वारलेला, पोरगा गणराज शाळेत. मेस टाकून महिना झाला असेल, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका मेसचं जेवण बाधलं आणि डझनभर कामगार सलाइनवर गेले. दुसऱ्या दिवशी बाईंच्या पंगतीत ताटं वाढलेली आणि माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली. कुणी पहिला घास घेईना. बाई चुलीपुढून उठल्या, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांच्या समोर बसल्या.

"काय बघायलात? आधी मी खाते, मग तुम्ही."

त्या दिवसापासून एक दुपार चुकली नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला अझहर मेकॅनिक म्हणायचा, "कंपनीचा भोंगा एखाद्या वेळी चुकेल, बाईंचा घास चुकायचा नाही." आणि बाई नुसता घास घेऊन उठत नसत. पंगतीबरोबर जेवत. दोन भाकऱ्या, वर भाताचा ढीग, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि शेवटी ताट निपटून घेताना बोटांचा असा आवाज काढत, की भूक नसलेल्या माणसानंही परत भाजी मागावी. मेसवर पाटी नव्हती. बाईच पाटी.

भिंतीला लोखंडी मांडणी होती. प्रत्येकाचं स्वतःचं स्टीलचं ताट, काठावर नाव कोरलेलं. सर्वांत वरचं ताट उद्धवरावांचं. ते बाईंच्याच मुलखातले, प्रेस शॉपमध्ये काम करणारे, कमी बोलणारे. आणि चुलीपाशी बाईंच्या उजव्या हाताला कौशल्याबाई. ती इथलीच, गावातली. पंधरा वर्षं तव्यावर भाकरी टाकली तिनं. तिची भाकरी फुगली नाही, असं कुणी पाहिलं नव्हतं.

काळानं बाईंच्या अंगावर मात्र माया फारच केली. वजनाचा काटा एकशे अठरावर गेला. साखर वाढली, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकू लागला. जेवण झाल्यावर पाटावरून उठवायला एका बाजूनं कौशल्या आणि दुसऱ्या बाजूनं अझहर लागायचा. अझहर म्हणायचा, "बाई, जॅक आणू का गॅरेजमधून?" बाई हसायच्या, सगळी पंगत हसायची. पण चिंचवडचे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, जठराचा मोठा भाग काढून टाकावा लागेल, नाहीतर पुढची दोन वर्षं सांगता येत नाहीत. गणराजनं हट्टच धरला.

बाई तयार झाल्या, पण एका अटीवर. कुणाला कळता कामा नये. जी बाई लोकांना पोटभर खा म्हणते, तिनंच खाणं आवरत नाही म्हणून पोट कापून घेतलं, हे गल्लीत कसं सांगायचं? त्यांनी पंगतीला सांगितलं, मूतखड्याचं ऑपरेशन आहे. खरं काय ते फक्त कौशल्याला सांगितलं. कौशल्यानं गळ्याला चिमूट लावली. "माउलीची आण बाई, मेले तरी बोलायची न्हाई."

आणि तिनं काय केलं नाही? दवाखान्यातून आल्यावर पहिले पंधरा दिवस बाईंना नुसतं पातळ चालत होतं. कौशल्या मेस सांभाळून दोन वेळा घरी यायची, तुरीचं वरण शिजवून जुन्या धुवट पंचातून गाळायची, आणि ते पिवळं पाणी चमच्यानं भरवायची. शेजारी मोबाइल ठेवलेला. एक वाटी संपवायला अर्धा तास लागलाच पाहिजे, असं आहाराच्या इरम मॅडमनी बजावलेलं.

"सावकाश, बाई. आजून धा मिंटं हायेत."

"भाकरीवाली मला जेवायला शिकवायली," बाई म्हणायच्या.

"शिका की मग. पंधरा वर्सं आमी तुमचं ऐकलं."

पुढं कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं, मग घोटलेली खिचडी. घास नखाएवढा. चावून चावून त्याची पेस्ट व्हायला हवी. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. आणि पहिली उचकी लागली की हात थांबवायचा. ती उचकी म्हणजे आतून आलेला निरोप, की घर भरलं. इरम मॅडम म्हणाल्या, "हळूहळू सगळं नॉर्मल खाता येईल." बाईंनी विचारलं, "नॉर्मल म्हणजे किती भाकरी?" मॅडम नुसत्या हसल्या.

सहा आठवड्यांनी शटर वर गेलं तेव्हा पाटावर पुन्हा सोजराबाई होत्या. बाहेर आनंदाची कुजबुज झाली. उद्धवराव पुढं आले, त्यांच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली हिरवी पानं होती. "बाई, पानफुटी हाय. गावावरून आणली. रोज दोन पानं चावून खा, खडा परत धरत नाही." बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. खरं बोलून टाकावं असं एकदा वाटलं. पण मागं सगळी पंगत उभी होती.

मग घास. बाईंनी भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, वरणात भिजवला, तोंडात घातला आणि चावू लागल्या. चावतच राहिल्या. बाहेरची माणसं घड्याळं बघू लागली. "या रे लेकरांनो," बाई शेवटी म्हणाल्या, पण माणसं बसली तरी त्यांचा दुसरा घास काही निघाला नाही. ताट तसंच घेऊन त्या आत गेल्या.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी समजून घेतलं. ऑपरेशन झालंय, अशक्तपणा असेल. दुसऱ्या महिन्यात मात्र नजरा बाईंच्या ताटावर अडखळू लागल्या. बाईंचं लुगडं सैल होत होतं, गालफडं दिसू लागली होती, आणि ताटातली भाकरी रोज जवळजवळ अख्खी परत जात होती. कुणीतरी गमतीनं विचारलं, "बाई, भाजीत सोडा जास्त झाला काय? तुम्हीच खाईनात." हसले सगळे. पण विचारणाऱ्यानं त्या दिवशी भाजी ताटात ठेवली.

त्याच सुमाराला कौशल्या म्हणाली, जावेच्या लेकीचं बाळंतपण आहे, महिनाभर येता यायचं नाही. बाईंनी तिच्या हातात बाळासाठी झबलं दिलं. तव्यावर दुसरी बाई आली. मग मांडणीतली ताटं कमी होऊ लागली. आज दोन, उद्या तीन. माणसं काही सांगत नव्हती. जेवण झालं की ताट धुवायचं, पुसायचं आणि पिशवीत घालून न्यायचं.

शेवटी अझहरनंच सांगितलं. शटरच्या कुलपात तेल घालायला म्हणून आला आणि तेल घालून झालं तरी उभाच राहिला.

"बाई, तुम्हाला माहीत नाही ना?"

"काय?"

"चौकात नवीन मेस पडलीय. कौशल्याबाईंची. दिरानं शेड घालून दिली."

बाई खाली बसल्या. "तिचं बाळंतपण होतं ना जावेच्या घरी?"

"बाळंतपण कसलं, बाई. गर्दी असते तिथं." तो घुटमळला. "लोकांनी विचारलं, तिथलं सोडून इथं का आलात. तर म्हणाल्या, सोजराबाई स्वतःच्या हातचं खात नाहीत. पातेल्यातला एक घास पोटात जात नाही त्यांच्या, मी डोळ्यांनी बघितलंय. बास, एवढंच म्हणाल्या. पुढचं लोकांनी लावलं."

बाईंनी ते शब्द मनात एकेक करून उचलून पाहिले. एकही खोटा नव्हता. डोळ्यांनी बघितलंच होतं तिनं. चमचा तिच्याच हातात होता. माउलीची आणही मोडली नव्हती. ऑपरेशनचा शब्द तिनं उच्चारला नव्हता. जेवढं सांगायला नको होतं तेवढंच तिनं पंचात अडवून ठेवलं होतं, आणि खालचं पाणी गावाला पाजलं होतं. गाळायची सवय तिला बाईंच्याच वरणावर लागली होती.

दुसऱ्या दिवशी पंगतीला अकरा माणसं होती. बाईंनी नखाएवढा घास घेतला, तेवढ्यात उद्धवरावांनी घसा साफ केला.

"बाई, राग मानू नका. माझं काही म्हणणं नाही. पण बाहेर लोक बोलायलेत, आणि मी तुमच्या बाजूनं भांडून भांडून थकलो. आज एक करा. पहिल्यासारखं आमच्यासंगं बसून एक भाकरी खा. एकच. मी चौकात जाऊन सांगतो, माझ्यासमोर खाल्ली. विषय संपला."

खरं सांगायची हीच वेळ होती. बाईंचं तोंड उघडलंही. पण समोर अकरा चेहरे होते, आणि खाली तोच पाट होता, ज्यावर बसून त्यांनी पंधरा वर्षं न सांगता, नुसतं खाऊन दाखवलं होतं. त्यांना वाटलं, एक भाकरी. आयुष्यात हजारो खाल्ल्या. आज एक खाल्ली तर काय होईल?

त्यांनी भाकरी मोडली. मोठा तुकडा, पूर्वीसारखा, वांग्याच्या रश्शात बुडवून. दुसरा. तिसरा. चव जिभेवर पसरली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आपलं स्वतःचं जेवण भेटलं. अझहर हसला. पंगतीत घास उचलले गेले. अर्धी भाकरी झाली आणि उचकी लागली. बाईंनी ती गिळली. नाकातून पाणी यायला लागलं, ते पदरानं टिपलं. छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळावी तसं झालं. आतून निरोपावर निरोप येत होते, आणि बाई दार लावून बसल्या होत्या. पाऊण भाकरी. घास खाली उतरेना, म्हणून त्यांनी तांब्या उचलून तोंडाला लावला.

पुढचं क्षणात झालं. त्या उठल्या, भिंत धरत मोरीपर्यंत पोचल्या आणि सगळं बाहेर आलं. आवाज पंगतीत ऐकू येत होता. बराच वेळ येत राहिला.

तोंड धुऊन त्या परतल्या, तर अकरा ताटं पुढं सरकवलेली होती.

"जेवणाचं काही नाही रे," बाई धापा टाकत म्हणाल्या. "माझं पोट कापलंय. वजनासाठी. वाटीभर राहिलंय आत. मला भाकरी उतरत नाही, म्हणून खात नव्हते. कौशल्याला विचारा, तिला सगळं ठाऊक हाय."

उद्धवराव खाली बघत होते.

"म्हणजे मूतखडा नव्हता?"

"नव्हता."

"मग मी ती पानं आणली तेव्हा का नाही बोललात? रजेच्या दिवशी दोन तास बांधाबांधानं हिंडलो, बाई, त्या पानांसाठी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तेव्हा खोटं. मग आजचं खरं कशावरून?"

त्यांनी आपलं ताट धुतलं, पुसलं, आणि वरच्या फळीवर ठेवायच्या ऐवजी काखेत मारलं. त्यांच्यामागं बाकीचे. अझहर तेवढा बसून राहिला, आणि त्यानं आपल्या ताटातलं सगळं, मग पातेल्यातलं आणखी, शांतपणे संपवलं.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. मेस बंद पडली नाही. सहा ताटांवर चालू राहिली. बाईंनी खरोखरच जेवायला शिकून घेतलं. पंगत उठल्यावर त्या एकट्या बसत, वाटीभर वरणात चतकोर भाकरी कुस्करत, मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावत. काटा ब्याऐंशीवर आला होता. पाटावरून त्या आता एकट्या उठत. इरम मॅडमनी वहीत लिहिलं, आहार नॉर्मल.

आणि एका सकाळी, शटर अर्धंच वर असताना, त्याखालून वाकून कौशल्या आत आली. हातात झाकलेली स्टीलची वाटी. पंधरा वर्षं जिथं बसायची तिथं, चुलीपाशी, ती उभी राहिली. बसायचं धाडस झालं नाही.

"उद्धवराव जेवायला येत्यात माज्याकडं," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं मोरीचं. मला ठावं न्हवतं, बाई, तुमी भाकरी खाताल म्हनून."

बाई तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या.

"मी खोटं बोलले न्हाई कुनाशी."

बाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"दिरानं शेड बांधली. माणसं कुठून आनायची? पंधरा वर्सं माजी भाकरी, न् नाव तुमचं. मलाबी वाटलं एकदा..." तिनं झाकण काढलं. पिवळ्या वरणाची वाफ वर आली, हिंगाचा वास सुटला. "गाळून आनलंय. त्याच पंचातून. गरम हाय तवर घ्या."

सोजराबाईंनी सूप खाली ठेवलं. वाटी हातात घेतली, नाकाशी नेली. त्या वासाबरोबर त्यांना ते पंधरा दिवस आठवले असतील. चमचा, मोबाइल, आणि सावकाश सावकाश म्हणणारा आवाज. त्यांचे डोळे भरून आले. तसेच त्यांनी भिंतीला टेकवलेला पाट ओढला, मधोमध मांडला, वाटी त्याच्यासमोर ठेवली आणि कौशल्याला म्हणाल्या,

"बस इथं. आधी तू खा, मग मी."