नापाचं ऊन आणि हारलन टीटर

हारलन टीटरला निंदा करायला माणूस लागत नसे, राज्य लागत असे. देशाच्या पूर्वेकडच्या थंड मुलखात, सेनेका सरोवराच्या उतारावर त्याची द्राक्षबाग, रस्त्यापलीकडे माझी. उभ्या जन्माच्या शेजारात त्याने कुणा माणसाबद्दल वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नाही; ते काम गावाने माझ्यावर सोपवलेलं होतं. पण डॉटीच्या हॉटेलात सकाळची कॉफी आणि द्राक्षांचं सारण भरून भाजलेला 'पाय' समोर आला, की तो एकेका मुलखाचं हवामान सोलायला घ्यायचा. ऑरेगॉन? तिथे ऐन तोडणीला पाऊस येतो, घड कुजतात आणि लोक त्याला नजाकत म्हणतात. वॉशिंग्टन? डोंगरापलीकडे नुसतं वाळवंट. कालव्याचं पाणी बंद केलं तर उंदीरसुद्धा बिऱ्हाड हलवतील. टेक्सास? आज पालवी, उद्या गारा.

"आणि आपल्याकडे?" मी मुद्दाम विचारायचो आणि वर पुस्ती जोडायचो, "आपल्याकडे काय, हिवाळ्यात वेली मरतात तेवढंच."

"आपल्याकडे तळं आहे," तो म्हणायचा.

खोल पाणी हिवाळाभर गोठत नाही, उतार उबदार ठेवतं, आणि वसंतात उलट गारवा धरून पालवीला घाई करू देत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हारलन मात्र ते अशा थाटात सांगायचा, की जणू तळं त्याच्या आजोबांनीच खणलंय.

त्याचा सगळ्यात मोठा राग कॅलिफोर्नियावर, त्यातही नापाच्या खोऱ्यावर. त्याला कारण हवामान नव्हतं. त्याची एकुलती एक मुलगी बेथनी तिकडे वाइनच्या कारखान्यात नोकरीला गेली ती गेलीच. आई वारल्यावर चार दिवस आली, पुन्हा गेली. तिने घरी यावं आणि बाग हातात घ्यावी, याखेरीज हारलनला जगाकडून काही नको होतं. पण टीटरांच्या घरात असं तोंडाने सांगायची पद्धत नाही. तो दर रविवारी फोन करून हवामान विचारायचा.

"पाऊस?"

"बाबा, इथे उन्हाळ्यात पाऊस नसतो. मागच्या रविवारीही नव्हता."

"माणसाने जगायचं कसं तिथे?"

"नळ आहेत, बाबा."

दुसऱ्या दिवशी तो हॉटेलात जाहीर करायचा, बेथनी तिकडे कंटाळलीय. डॉटी विचारायची, "ती म्हणाली तसं?" तो म्हणायचा, "हवामानावरून कळतं."

मग एका वर्षी बातमी आली, की बेथनीने नोकरी सांभाळून खोऱ्याच्या उत्तर टोकाला एक लहानशी बाग वाट्याने करायला घेतली आहे. मालकीण रेनाटा बाचिगालुपी नावाची म्हातारी. बोलणं एवढंच, की एक चांगलं पीक काढून द्यायचं. हारलनच्या कानात त्यातलं "बाग" एवढंच शिरलं. आता ही तिकडेच रुजली, असं म्हणून त्याने बशीतला द्राक्षांचा पाय अर्धाच खाऊन सोडला. त्याला बशीत काही टाकताना डॉटीने पहिल्यांदाच पाहिलं.

"जाऊन ये," ती म्हणाली. "इतकी वर्षं न बघता शिव्या देतोयस. एकदा बघून दे."

तो ऑगस्टच्या शेवटी गेला. पहिल्याच सकाळी त्याचा मला फोन. "अरे, दुपार व्हायला आली तरी धुकं. समोरची ओळ दिसत नाही. घड पानांत दडवून ठेवलेत पोरीने. सगळे कुजणार."

त्याचं काय चुकलं? आमच्याकडे ओल फार आणि ऊन मोजकं. घडाजवळची पानं काढायची, वारा खेळवायचा, ऊन लागू द्यायचं, हे आम्ही चालायच्या आधी शिकतो. लेकीच्या घरी हातावर हात ठेवून बसून राहणं हारलनला जमणारं नव्हतं. बेथनी कामाला गेली, तसा तो बागेत शिरला आणि एकेका ओळीची दोन्ही बाजूंची पानं ओरबाडत गेला. मध्येच धुकं विरलं आणि खणखणीत ऊन पडलं. आपण वेळेवर आलो, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी काय झालं ते बेथनीने माझ्या बायकोला, नदीनला, विश्वासाने सांगितलं. नदीनने ते मला विश्वासाने सांगितलं. मीही ते तुम्हाला त्याच भावनेने सांगतो आहे.

बेथनी ओळीच्या तोंडाशी उभी राहिली. "बाबा, पानं?"

"काढली. तुला वेळ मिळाला नसेल."

"मी ती मुद्दाम ठेवली होती."

"कशासाठी?"

"घडांना ऊन लागू नये म्हणून."

हारलन हसला. उन्हाची वाट बघण्यात त्याचा जन्म गेला होता. द्राक्षाला कुणी उन्हापासून जपतं हे त्याने ऐकलेलंच नव्हतं. बेथनी हसली नाही, तेव्हा तो थांबला.

त्याच आठवड्यात तिथे उष्णतेची लाट आली. दुपारनंतरचं ऊन ज्या बाजूला पडे तिथले घड आधी तपकिरी झाले, मग सुरकुतले. गावातल्या जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन हारलनने होत्या तेवढ्या चादरी आणल्या आणि कपड्यांचे चिमटे लावून पश्चिमेच्या अंगाला तारांवर टांगल्या. फुलाफुलांच्या, बदकांच्या, एकीवर अंतराळवीर. वाइन चाखायला आलेले प्रवासी गाड्या थांबवून फोटो काढू लागले. एका बाईने विचारलं, लग्न आहे का? हारलन म्हणाला, "हो." ती अभिनंदन करून गेली.

चादरींआडचे घड वाचले. पण चादरी थोड्या आणि ओळी फार. रेनाटाबाई काठी टेकत आल्या, एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि बी थुंकली.

"तुमच्याकडे पलंग बरेच दिसतात," त्या हारलनला म्हणाल्या. मग बेथनीकडे वळल्या. "पोरी, बोलणं चांगल्या पिकाचं झालं होतं. ह्या मनुका झाल्या. पुढचं वर्ष कर."

"करते," बेथनी म्हणाली. तिने शब्द दिला होता.

रात्रीचं जेवण झालं. भांडी विसळताना बेथनी म्हणाली, "बाबा, हे पीक निघालं की मी घरी येणार होते. कायमची. आपली बाग अंगावर घ्यायच्या आधी एक बाग एकटीने करून बघायची होती मला."

हारलन हातातली ताटली पुसत राहिला. "आधी का नाही सांगितलंस?"

"विमानतळावरच सांगणार होते. तू हवामानाबद्दल बोलत होतास."

"नंतर?"

"बोलतच होतास."

हारलन परत आला नाही. फोन आला. थंडीआधी वेलींच्या बुंध्याशी, कलमाच्या सांध्यावर, मातीची भर घालावी लागते, नाहीतर आमच्याकडच्या गारठ्यात सांधाच मरतो. ते आणि त्याच्या बागेचं बाकी सगळं काम त्याने माझ्या गळ्यात टाकलं.

"आणि तू कधी उगवणार?" मी विचारलं.

"पीक निघालं की."

"कुणाचं?"

"आमचं."

पुढचं वर्षभर तो लेकीच्या हाताखाली राबला. बागेत फिरताना हात पाठीमागे बांधून फिरायचा, असं बेथनी सांगते. पीक उत्तम आलं. रेनाटाबाईंनी चव घेतली, बी थुंकली आणि म्हणाल्या, "पोरी, राहा. निम्मा वाटा तुझा."

बेथनीने बापाकडे पाहिलं. त्याला इतकी वर्षं जे हवं होतं, ते आता एका वाक्याने हातातून जाणार होतं. ते वाक्य त्याने स्वतःच उच्चारलं.

"इथलं हवामान वाईट नाही," हारलन म्हणाला. "आणि ते तुला कळतं. माझ्यासाठी येऊ नकोस."

बेथनी म्हणाली, "तुझ्यासाठी कोण येतंय? मला तळ्याकाठची बाग हवीय." रेनाटाबाई म्हणाल्या की थंड मुलखातल्या माणसांचं डोकं जरा उशिरा पिकतं, आणि त्यांनी दोघांना जेवायला ठेवून घेतलं.

दोघं ऑक्टोबरच्या शेवटी घरी आली. नोव्हेंबरात बेथनी ट्रॅक्टरवर बसून वेलींना भर घालत होती, आणि हारलन माझ्याशेजारी कुंपणापाशी उभा होता. तळ्यावरून बोचरा वारा सुटला होता.

"ह्याला काय हवामान म्हणायचं?" तो म्हणाला. "ह्या दिवसांत नापाला आम्ही अर्ध्या बाह्यांचे सदरे घालतो."

ट्रॅक्टर आमच्यासमोर येऊन थांबला.

"बाबा," बेथनी म्हणाली, "घरात जाऊन बस."

तो गेला. जाताना मला म्हणाला, पोरगी माती जरा कमी घालते आहे, पण आपण काही बोलणार नाही.