सूला

भोपाळच्या अयोध्या नगरात आम्ही राहायला आलो, त्या आठवड्यात शेजारच्या गच्चीवरून एक गोरीपान, निळ्या डोळ्यांची म्हातारी अस्सल नागपुरीत म्हणाली, "पाणी नाही आलं का जी? बादली द्या, भरून देतो."

या सुलभाकाकू. माहेर ग्रीसमधलं. तरुणपणी जर्मनीत कारखान्यात कामाला होत्या. तिथे प्रशिक्षणाला आलेल्या नागपूरच्या इंजिनियरशी लग्न करून त्याच्या नोकरीच्या गावी, भोपाळला आल्या. मराठी सासूने शिकवलं, तेही रागावून रागावून. ‘सुलभा’ हे नावही तिनेच ठेवलं.

मूळ नाव सूला. मी अर्थ विचारला तेव्हा काकू मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, ते मुळी पूर्ण नावच नाही. नाव अनास्तासिया, लाडाने अनास्तासूला, आणि सुरुवातीचं सगळं गळून पडल्यावर उरलं ते सूला. सोनुलीतलं ‘उली’, तसंच त्यांच्याकडचं ‘ऊला’.

"आणि अनास्तासियाचा अर्थ?"

"मरून उठलेली." त्या काड्या वेगळ्या करत राहिल्या. "माझ्या आधीची बहीण दोन वर्षांची होऊन मेली. तिचंच नाव मले देलं. पण पुरं नाव घेतलं का आईले रडू ये. म्हणून सूला. तेवढंच काय ते माझं."

सासूला घरात ग्रीक बोललेलं खपत नसे. मुलगा प्रशांत आईच्या भाषेतला एक शब्दही न शिकता मोठा झाला. काका तेवढे सूला म्हणत, तेही खोलीत दोघंच असताना. काका गेले आणि ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. एकदा काकूंनी मला ग्रीक शिकवते म्हटलं. "बोलाले कोणी तं पाहिजे ना, पोरी." शाळेतले पेपर तपासून झाले की बसू, असं मी म्हणाले. मग पुढच्या परीक्षा आल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात तिसऱ्या दिवशीही डोळे मिटलेलेच. नर्स "सुलभाजी, आँखें खोलिए" म्हणून थकली. प्रशांतने किती वेळा आई म्हणून हाका मारल्या. नातेवाइकांना बोलावून घ्या, असं डॉक्टर सांगून गेले. मी वाकले. आईच्या वयाच्या बाईला असं एकेरी हाक मारताना जीभ अडखळली.

"सूला."

त्यांनी डोळे उघडले आणि बोलू लागल्या. आवाज बारीक, पण स्पष्ट. एकच वाक्य पुनःपुन्हा येत होतं आणि शेवटी प्रश्नाचा हेल होता.

"ताई, काय म्हणतेय ती?" प्रशांतने मला विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्याने आईचा हात धरला. "आई, मराठीत सांग ना."

त्या संध्याकाळी काकू गेल्या. पण त्याआधी बराच वेळ त्या आळीपाळीने आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहत होत्या, उत्तराची वाट बघत.