पाण्याखालच्या गावची नोंद

ताज्या ऑइलपेंटचा उग्र वास आला, की आजही माझ्या मनात संताप उसळून येतो. पवनी तालुक्यातल्या आमच्या पुनर्वसित गावठाणात आरोग्य उपकेंद्राच्या फिकट गुलाबी दाराला असाच वास होता, आणि त्या दाराला कुलूप होते. धरणाच्या फुगवट्यात आमचे वैनगंगाकाठचे गाव बुडाले, तेव्हा आम्हांला प्लॉट मिळाले, रस्ते मिळाले, विजेचे खांब मिळाले. बाईला पोट असते, हे मात्र नकाशा आखणाऱ्यांच्या ध्यानातच आले नसावे!

शेजारची कुसुम तेव्हा गरोदर होती. पंधरवड्याला एकदा नर्सबाई कुलूप उघडून बसत आणि यादी पाहून सांगत, की तुझे नाव जुन्या उपकेंद्राकडे आहे. तिकडचे म्हणत, तुमचे गाव उठले, नाव कमी झाले. दोन रजिस्टरांच्या मधल्या फटीत एक सजीव गर्भ महिनोन्‌महिने वाढत राहिला, आणि त्याच्या आईचा रक्तदाब कोणी एकदाही मोजला नाही. याला नियम म्हणायचे? मी तरी निर्दयपणाच म्हणते.

शेवटी कुसुम डोंग्यात बसून पाण्यापलीकडे गेली; मी सोबत होते. बुडालेल्या गावच्या उरल्यासुरल्या टेकाडावर आमची म्हातारी सुईण, गंगामाय, हट्टाने राहिली होती. तिने कुसुमच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना.

"हे माह्या हातचं नाही, बाई," ती म्हणाली. "आतापर्यंत कोनं पाह्यलं काहून नाही इले?"

तिथून आम्ही कुसुमला थेट भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेले. कुसुम वाचली, बाळ पोटातच गेले होते.

आठवड्याने नर्सबाई प्रथमच घरी आल्या, मृत बाळाची नोंद करायला. त्या बिचारीच्या गळ्यात पाच गावे. त्यांच्यावर तरी किती चिडावे? गाव कोणते लिहू, असे त्यांनी हळूच विचारले. कुसुम भिंतीकडे पाहत म्हणाली, "पोटात जिता होता तवा एकाबी गावानं घेतला नाही. आता कोनताबी लिवा."

परवा उपकेंद्राच्या दाराला पुन्हा रंग दिला. त्याचा वास माझ्या ओसरीपर्यंत येतो आहे, आणि कुसुमला पुन्हा दिवस गेले आहेत. उद्या नर्सबाईंचा यायचा दिवस. या खेपेस तिचे नाव लिहून होईपर्यंत आम्ही दोघी उपकेंद्राच्या पायरीवरून उठणार नाही.