भुवईला लागलेली दुर्बीण

लग्नानंतर आम्ही अकोल्याला जठारपेठेत राहत होतो. हे वकील. यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, तेल्हाऱ्याची शेती पाहायचे. त्या वर्षी रानडुकरांनी भुईमुगाचं वावर नांगरल्यासारखं उकरून टाकलं होतं. घरात परवान्याची रायफल होती. पण यांचा नेम असा, की डुकरंही यांना ओळखायला लागली होती. दोष नेमाचा नाही, नजरेचा आहे, असं यांनी ठरवलं आणि नागपूरहून रायफलवर बसवायची दुर्बीण आणली.

दुकानातल्या कारागिरानं रायफलवर पट्टी घट्ट बसवून दिली होती. दुर्बीण त्या पट्टीवरच्या दोन कड्यांत धरायची. ती पुढं ठेवायची की मागं, हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर असतं, ते घरी पाहून घ्या, असं त्यानं सांगितलं होतं. यांनी ते फार मनावर घेतलं.

रविवारी सकाळी बैठकीत सरकीची दोन पोती आली. त्यांवर माझी माहेरची नवी गोधडी आणि गोधडीवर रायफल. गोळ्या कपाटात बंद, रायफलचा बोल्ट काढून माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलेला. दुर्बिणीतली फुली सरळ उभी राहायला हवी म्हणून समोरच्या खिडकीत सुतळी टांगली आणि तिला वजन म्हणून माझा अडकित्ता बांधला. मग खुर्चीत ताठ बसून हे एका डोळ्यानं अडकित्त्याकडे पाहू लागले. जेवायची वेळ टळली तरी फुली सुतळीशी जुळेना. दुपारी जुळली, तर वाऱ्यानं अडकित्ता हलला.

"पंखा घालू नकोस," हे ओरडले.

"मी पंखा घालत नाही. चूल फुंकते आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी एकदाचे पेच आवळले गेले. दुर्बिणीतून समोरच्यांच्या गच्चीवरचे पापड कसे स्वच्छ दिसतात, हे यांनी मला पुन्हापुन्हा सांगितलं.

पुढच्या सुट्टीला तेल्हाऱ्याला गेलो. वावराच्या टोकाला नाल्याचा उंच काठ होता. तिथं रॉकेलचा रिकामा पिपा ठेवून त्यावर चुन्याची फुली काढली. हे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पालथे पडले. भासरे बाजूला उभे होते. मी आणि जाऊबाई मागं, बाभळीखाली.

"दादा, आता फक्त पाहा," हे म्हणाले.

धाडकन आवाज झाला. पिपा जागचा हलला नाही. हे मात्र दोन्ही हातांनी कपाळ धरून उठून बसले. रायफलनं मागं धक्का दिला होता आणि दुर्बिणीची कड भुवईत रुतली होती. बोटांमधून रक्त वाहत होतं.

"अबे, गोळी कोनाले मारली तू?" भासरे घाबरून म्हणाले.

जाऊबाईंनी हळद दाबली. भुवईवर चंद्रकोरीसारखी जखम उमटली होती.

काय चुकलं ते मला दिसलं होतं. पण भासऱ्यांसमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती. रात्री दोघे भाऊ जेवायला बसले, तेव्हा मी दाराआड उभी राहून जाऊबाईंना जरा मोठ्यानंच म्हटलं, "घरी हे खुर्चीत ताठ बसून दुर्बीण बसवत होते. इथं पालथं पडल्यावर मान पुढं गेली, डोळा दुर्बिणीला चिकटला. ती अजून पुढं सरकवायला पाहिजे."

भासऱ्यांनी भाकरी मोडली, घास संपवला आणि धाकट्या भावाकडे पाहून गंभीरपणे म्हणाले, "तू घरी खुर्चीत बसून मोजलं असशील. पालथं पडून मोज."

"दादाला कसं समजतं सगळं!" हे मला नंतर कौतुकानं म्हणाले.

सोमवारी हे पट्टी बांधून कोर्टात गेले. काय झालं म्हणून न्यायाधीशांनी विचारलं, यांनी खरं ते सांगितलं. कुणाला पटलं नाही. "दुर्बिणीनं कोनाले लागते का जी?" असं यांच्याच एका पक्षकारानं सगळ्यांदेखत विचारलं. संध्याकाळपर्यंत जठारपेठेत निकाल लागला होता: वकिलीणबाईनं लाटणं हाणलं.

मी घरोघर जाऊन खरं काय ते सांगणार होते. पण त्याच आठवड्यात दुर्बीण पुन्हा बसवायला घेतली. हे बैठकीत सतरंजीवर पालथे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मान जिथं जाईल तिथं जाऊ द्यायची, मग डोळे उघडायचे. मी यांच्या डोक्याशी वाकून, हातात पेचकस घेऊन दुर्बीण पुढं सरकवत होते.

"आता?"

"कडेला काळं दिसतं."

"आता?"

"अजून थोडं. हां, गोल दिसलं! आवळ!"

"हलू नका म्हटलं ना!" मी ओरडले आणि दारात कुणीतरी खाकरलं.

तोच पक्षकार होता. कपाळाला पट्टी बांधलेला वकील जमिनीवर पालथा आणि बायको पेचकस उगारून डोक्याशी. त्यानं हात जोडले.

"मंग येतो जी मी," म्हणून तो चपला हातात घेऊनच पळाला.

दुसऱ्या दिवशी शेजारची बाई साखर मागायला आली. साखर घेऊनही जाईना. शेवटी हळूच म्हणाली, "लाटण्यानंच भागते का वं? आमचा मानूस बी ऐकून नाई राहिला."

मी हसत हसत सगळी हकीकत सांगितली. तिनं नीट ऐकून घेतली. "राहू दे, नको सांगू," म्हणाली आणि रुसून गेली.

पुन्हा तेल्हाऱ्याला गेलो, तेव्हा यांनी पहिल्याच गोळीत पिपा उडवला. मग यांना थांबवणं कठीण झालं. उजेड आहे तोवर रोज धाड धाड सुरू. डुकरांनी आमचं वावर सोडलं ते सोडलंच. यांना दुर्बिणीतून एक शेपूटही दिसलं नाही. सगळा कळप पलीकडच्या वावरात जाऊन राहिला.

तिकडचा मालक तणतणत भासऱ्यांकडे आला. "वकिलाले दोन दिस आमच्या इकडं पाठवा," म्हणाला. "मारू नका म्हना त्याईले. नुसता आवाज करा."

हे आतल्या खोलीत रायफल पुसत होते. यांनी ते ऐकलं आणि दार लावून घेतलं. बाहेर भासरे मोठ्यानं हसत होते, आणि मी व जाऊबाई पदर तोंडात कोंबून बसलो होतो.