डोळ्याच्या पडद्याचा फोटो

दवाखान्यात माझ्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला. नारिंगी गोल आणि त्यात लाल शिरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, मशीनच्या अंदाजानं हा डोळा लवकरच बिघडेल. आत्ताच डोळ्यात सुई दिली तर नजर टिकायची आशा आहे."

मला साखरेचा आजार आहे. याच आजारानं माझ्या बायकोची नजर गेली. तेव्हा आधी सांगणारं असलं काही नव्हतं. जेवताना मी तिला सांगायचो, भाकरी डावीकडं, कालवण उजवीकडं. ती म्हणायची, "आणि मीठ कुठल्या बाजूला विसरलात?" औंदा तीही गेली. पुढचं आधी कळणं बरं की वाईट, मला ठरवता येईना.

"घरी विचारून या," बाई म्हणाल्या.

"घरी कोण आहे विचारायला? तिचा हात धरायला मी होतो. माझा कोण धरणार? द्या सुई आजच."