दगड आहे

ऑक्टोबर सरत आला, उन्हाचा ताप उतरला, की दुबईतली आम्ही काही माणसं रविवारी सकाळी हत्ताच्या डोंगरात माउंटन बाइक चालवायला जातो. तिथेच तो भेटायचा. उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ देशातला, पन्नाशीचा. त्याचं डावं मनगट वळत नसे. तो हात हँडलवर नुसता टेकवलेला असायचा.

पुढे असला की प्रत्येक दगडापाशी तो इंग्रजीत ओरडायचा, "दगड आहे." मागून "ऐकलं" असं उत्तर येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. हत्ताचा डोंगर उघडाबोडका, दगड लांबूनच दिसतो. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे बाबा, मला डोळे आहेत."

तो सायकलवरून उतरला. आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

"आमच्या जंगलात बर्फ पडायच्या आधी सगळी पायवाट पानांनी झाकलेली असते. पानांखाली झाडांची मुळं. पुढे असेल त्याने ओरडून सांगायचं, ही रीत. मी पडलो त्या दिवशी माझा भाऊ पुढे होता. त्याला वाटलं, मला मूळ दिसलं असेल, म्हणून तो ओरडला नाही." त्याने मनगटाकडे पाहिलं. "हे दुखायचं कधीच थांबलं. भाऊ मात्र परत सायकलवर बसला नाही. पडणारा बरा होतो. पुढे असलेला होत नाही."

मग "यल्ला, चला" म्हणत तो निघाला. मी मागे.

वळणावर हाक आली, "दगड आहे."

तो दगड मला केव्हाचा दिसत होता.

"ऐकलं," मी मोठ्याने म्हणालो.