शाळेच्या बोर्डाचा उमेदवार

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावाच्या ट्रेनमध्ये एक मराठी गृहस्थ रोज मांडीवर डबा धरून माझ्यासमोर बसायचा. तिथे शाळेचा कारभार पाहणारं बोर्ड पालकच निवडतात; लेकीच्या शाळेच्या त्या निवडणुकीसाठी उमेदवार म्हणून लिहिलेलं निवेदन त्यानं एकदा मला तपासायला दिलं. त्याची लेक व्हीलचेअर वापरते. पुढच्या दाराला पायऱ्या, म्हणून तिला मागच्या दारानं वर्गात जावं लागतं. मी इंग्रजी भारदस्त करून दिलं.

वाचून तो संकोचून म्हणाला, "छान आहे हो. पण यात माझी पोर कुठे दिसत नाही."

त्यानं स्वतःचंच निवेदन पाठवलं आणि तो थोडक्या मतांनी हरला. पण ते वाचून मुख्याध्यापिकेनं त्याला बोलावलं. रॅम्प झाला.

"काल ती पुढून गेली," त्यानं सांगितलं. "मी गेटपाशीच थांबलो. माझी गरजच लागली नाही."